खुडबुड्या भेटला

ऐक वं करिष्मा, आधी सगळं ऐकून घे. मधात बोलू नको, अन् तो समोसा खाली ठेव, तुझं सगळं लक्ष त्याच्यातच आहे. मी काल काटोलले जाऊन आली. तिथं एका माणसानं मले नकार देल्ला. मी त्याले काही विचारलंच नव्हतं, तरी देल्ला. अन् ह्या सगळ्याच्या मुळाशी कोण, तं आमची भैरवी.

भैरवी माहीत आहे न तुले? माझ्या काकाची पोरगी. पुण्याले गेल्यापासून 'मला-तुला' करते. नागपूरले आली की दोन दिवस 'मले' म्हणते, पण तेही असं जपून, जसं काही दुसऱ्याची साडी नेसून राहिली. तिचं ते जुन्या पुस्तकायचं पेज आहे. पुस्तक हातात घेते, हुंगते, डोळे मिटते, झाला व्हिडिओ. मी कोणतं पुस्तक हुंगलं तं मले शिंका येते. तिले लाइक येते.

तं मागच्या महिन्यात तिनं व्हिडिओ टाकला. "मित्रांनो, माझ्या लहानपणीचं एक पुस्तक. 'खुडबुड्यांचा उच्छाद'. आज कुठेच मिळत नाही. माझ्याकडे एक प्रत होती."

माझ्याकडे म्हणे.

करिष्मा, ते पुस्तक आमच्या घरी होतं. मनीषनगरच्या घरी, माझ्या कपाटात, माझ्या फ्रॉकांच्या खाली. बाबांच्या लहानपणचं पुस्तक, पण माझं. कव्हरवरच्या खुडबुड्याले निळ्या पेनानं मिशी कोणी काढली? मी. त्याबद्दल मार कोणी खाल्ला? मी. भैरवी तं फक्त उन्हाळ्यात यायची, आमच्या कुलरसमोर झोपायची, अन् माझं पुस्तक वाचायची. मार खाल्लेल्या माणसाचं पुस्तक असते का हुंगणाऱ्याचं, तू सांग. नाही, आता नको सांगू. शेवटी सांग.

तुले पुस्तक माहीत नाही म्हणून सांगते. खुडबुडे म्हणजे वीतभर उंचीचे, कांद्याच्या टरफलाचे फेटे बांधलेले. पाटावरवंट्याच्या मागं राहते. घरची बाई झोपली की निघते अन् एकेक चप्पल उलटी करून ठेवते, म्हणजे सकाळी घरात भांडण पक्कं. साखरेत मीठ, मिठात साखर, आजोबाच्या चष्म्याले तूप. एकेक चित्र असं की जेवण राहून जाये. अन् आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान नव्हतं. सगळे खुडबुडे दुधाच्या पातेल्यात पडते, बाई हातात रॉकेलची चिमणी घेऊन येते, अन् खाली लिहिलं होतं, 'आणि मग'. बस. पुढं काहीच नाही. पान बाबांच्या काळापासूनच नव्हतं. मंग उन्हाळ्यात कुलरसमोर पडल्या पडल्या भैरवी रोज नवीन शेवट सांगायची. कधी खुडबुडे सायीच्या चटईवर बसून खिडकीतून उडून जाये. एकदा तं त्यांनी सायीच्या मिशा लावल्या, घरातले मोठे लोक असल्यासारखे पातेल्याच्या काठावर रांगेत बसले, अन् बाईनं घाबरून सगळ्यायले चहा करून देल्ला. त्या दिवशी मी इतकी हसली की माझ्या नाकातून पन्हं आलं. बरं, ते असो. त्याचा इथं काही संबंध नाही.

संबंध याचा आहे की त्या व्हिडिओखाली पुण्याच्या एका प्रकाशकानं लिहिलं, आम्ही हे पुस्तक पुन्हा छापतो. प्रस्तावना भैरवीची. अन् ज्याच्याकडून पूर्ण पुस्तक भेटन त्याचं नाव पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. मी त्याच मिनिटाले ठरवलं. पहिल्या पानावर मुग्धा, अन् तिची प्रस्तावना माझ्या मागून. मागून, समजलं का?

आधी आमच्या घरातला छताखालचा सज्जा पाह्यला. स्टुलावर चढली, अन् पुस्तकाच्या नादात कुलरच्या जाळ्यायचं जुनं गवत ओढलं. खाली बाबा पेपर वाचून राहिले होते. ते सगळं गवत त्यांच्या टकलावर. बाबांनी पेपर झटकला. डोक्यावरचं गवत काढता काढता आईले फक्त इतकंच म्हणाले, "हिचं लग्न करून टाका." हे लक्षात ठेव, पुढं कामी येते.

मंग आईले आठवलं. घराले रंग देल्ला तेव्हा तिनं माझी सगळी पुस्तकं सोसायटीच्या वाचनालयाले देऊन टाकली होती. मले न विचारता. वाचनालय म्हणजे जिन्याखालचं लोखंडी कपाट, अन् त्याची चाबी वामनरावांकडे. ते आमचे सेक्रेटरी. सदर भागातल्या कोणत्या तरी ऑफिसातून रिटायर झाले, पण ऑफिस त्यांच्यातून रिटायर झालं नाही.

"अर्ज आणला का?" म्हणे.

मी म्हटलं, "काका, कपाट इथंच आहे, तुम्ही इथंच आहे, चाबी तुमच्या जानव्याले आहे."

"अर्ज वडिलांच्या सहीनं. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे."

बाबांच्या कानामागं तेव्हा अजून गवत होतं. तरी त्यांनी सही देल्ली. वामनरावांनी अर्ज वाचला, त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवली, माझ्याच पेनानं दुरुस्त केली, अन् कपाट उघडलं. आत गणपतीच्या माळा, एक कॅरम बोर्ड, अन् कोणाची तरी एक छत्री.

"पुस्तकं कुठं आहे?"

"लोकांनी वाचायला नेली. परत आणली नाही." अन् वरून म्हणे, "म्हणजे वाचनाची आवड वाढून राहिली."

मी म्हटलं, ठीक आहे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. कोणाच्या तरी घरी असन. तं ग्रुपचे ॲडमिनही वामनरावच. हरवलेल्या गोष्टींची सूचना त्यांच्या नमुन्यातच पाहिजे. नमुना त्यांनी सोसायटीतले एक आजोबा वाट चुकले होते तेव्हा बनवला होता. मले म्हणे, तू फक्त माहिती सांग, मी भरतो. मी सांगत गेली, ते भरत गेले, अन् संध्याकाळी ग्रुपवर आलं:

'हरवला आहे. नाव: खुडबुड्या. वय: अंदाजे चाळीस. वर्ण: पिवळसर. अंगावर: लाल. पाठ: थोडी निखळलेली. खूण: मिशी. कोणास भेटल्यास मुग्धाशी संपर्क साधावा.' खाली माझा नंबर.

मी म्हटलं, "काका, 'पुस्तक' कुठं आहे यात?"

"नमुन्यात तसा रकाना नाही," म्हणे.

करिष्मा, पाच मिनिटांत माझी इज्जत चौथ्या माळ्यावरून खाली आली. एकानं हात जोडले. एकीनं लिहिलं, 'बिचारा, घरी काही बोलणं झालं होतं का?' मी लिहिलं, 'कपाटात ठेवला होता, आईनं देऊन टाकला.' तं आणखी चौघांनी हात जोडले मंग. मले पोलीस ठाण्यातून फोन आला. "मॅडम, ते तुमचे कोण लागतात?" मी म्हटलं, "लहानपणापासून माझ्याजवळच आहे न ते. उशाले घेऊन झोपायची मी." समोरचा माणूस जरासा खोकला, अन् म्हणे, बघतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाताई आल्या. दार लावून घेतलं. मले जवळ बसवलं. "मुग्धे, चाळीसचा आहे तं आहे वं. पण मले आधी सांगायचं न. तुझ्या आईले मी समजावलं असतं."

मी समजावून सांगतलं की ते पुस्तक आहे. त्या म्हणे, "हव, हव, पुस्तक तं पुस्तक." अन् माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एका शब्दावर विश्वास नाही.

वामनरावांचा तो मेसेज पुढं कोणी कोणाले पाठवला, काय माहीत. तीन दिवसांनी मले काटोलवरून फोन. आवाज मोठ्या बाईचा. "मी यमुताई बोलून राहिली. तो खुडबुड्या भेटला न. इथंच तं आहे आमच्या घरी."

माझे तं कानच बंद झाले वं आनंदानं. मी म्हटलं, "खरंच? चाळीसच्या आसपासचा?"

"हव. एकेचाळीसचा."

"कसा आहे? फार खराब तं नाही झाला?"

"जुना आहे जरासा. पण शाबूत आहे. पाठीचं थोडं आहे त्याले."

"पाठीचं चालते, ते बांधून घेता येते. पानं?"

"पान तं खातच नाही बाई."

मी समजली, वाळवी खात नाही म्हणून राहिली. म्हणजे पानं सगळी आहे. म्हणजे शेवटचंही आहे. तू हसू नको. तू तिथं असती तं तूही हेच समजली असती. आपल्याकडे पुस्तकही भेटते, माणूसही भेटते, चाबीही भेटते. पुण्याले म्हणे पुस्तक मिळते अन् माणूस भेटते. भैरवी असती तं तिथंच पकडलं असतं, हा त्या पुण्याचा फायदा.

"मी उद्याच येते," मी म्हटलं. तिकडून आवाज आला, "या, या. सोबत मोठं माणूस आणजा."

आईचे गुडघे, बाबांचं गवत, तं सोबत शोभाताई निघाल्या. आई म्हणे, गावाले जाऊन राहिली तं ड्रेस घाल, ओढणी घे. शोभाताई म्हणे, कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जाते का, म्हणून नारळ अन् पेढे. आता ओढणी, नारळ, पेढे अन् सोबत काठपदरातली बाई, हे सगळं एका सीटवर ठेवून पाह्य. कंडक्टर तिकीट देता देता शोभाताईले म्हणे, "चांगलं होईन." मले तेव्हाही समजलं नाही. माझ्या डोक्यात फक्त भैरवीचा चेहरा होता, मी पुस्तक दाखवल्यावर जसा होईन तसा.

काटोलले यमुताईच्या घरी बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या लावल्या होत्या. दोन मोठी माणसं, तीन बाया, पडद्यामागं आणखी कोणी. संत्र्याचा वास घरभर, त्यांचा मंडीत मालाचा धंदा. आम्ही बसलो न बसलो तं पोहे आले.

मी म्हटलं, "पोहे राहू द्या मावशी, आधी दाखवा न."

यमुताई शोभाताईकडे पाहून हसल्या. "घाई आहे बाप्पा."

"घाई म्हणजे, किती दिवसांपासून शोधून राहिली मी. मले आता धीर नाही. जुना असला, मळलेला असला, तरी चालते. मी आजच सोबत घेऊन जाते."

तिन्ही बायांनी पोह्याच्या प्लेटा खाली ठेवल्या.

"आजच?" एक काका म्हणाले.

"हव. पिशवी आणली न मी." अन् मी ती प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली.

पडद्यामागची बाई म्हणे, "त्याच्यात कसा मावंन वं तो?"

तेवढ्यात आतून एक माणूस आला. लाल शर्ट, भरघोस मिशी, एक हात कमरेवर. बसला, उठला, खिडकी लावली, खिडकी उघडली, पंखा वाढवला, पुन्हा बसला. मी त्याच्या मागं पाहून राहिली की पुस्तक कोण आणून राहिलं.

यमुताई म्हणे, "हा आमचा भाचा, गिरिधर. सगळे खुडबुड्या म्हणते."

करिष्मा, मी पोह्याच्या प्लेटकडे पाह्यलं. नारळाकडे पाह्यलं. माझ्या ओढणीकडे पाह्यलं. शोभाताई हळूच माझ्या कानात म्हणे, "चांगला आहे वं. पाठ निखळलेली दिसत तं नाही."

मी उभी राहिली अन् म्हटलं, "पुस्तक. मी पुस्तक पाहायला आली."

अन् गिरिधर हसला. तेही कसं, पोट धरून, पाठ धरून. मंग म्हणे, "थांबा." आत गेला. आला तं हातात तेच, करिष्मा. खाकी कव्हर घातलेलं, त्याच्या आत लाल कापडाची पाठ, कांद्याच्या टरफलाचे फेटे. त्याची प्रत. लहानपणी तो हे पुस्तक घेऊन दिवसभर घरच्या चपला उलट्या करायचा, तेव्हापासून त्याचं नाव पडलं. यमुताई म्हणे, "मेसेज आला तं वाचून दाखवला आम्ही. सगळं जुळलं. तो काही हरवला नव्हता, पण कोणी शोधून राहिलं तं चांगलंच आहे न, म्हटलं."

मी हात पुढं केला. गिरिधरनं पुस्तक छातीशी धरलं.

"हे मी भैरवी मॅडमसाठी ठेवलं," म्हणे.

कोण?

"पुण्याच्या भैरवी मॅडम. पुस्तकायचे व्हिडिओ टाकते न. मी सगळे पाहतो. त्यांनी मागतलं तेव्हापासून मी मेसेज करून राहिलो, पण त्यांच्याकडे इतके मेसेज येते, त्यांना दिसत नसन."

माझ्या तोंडून निघून गेलं, ती तं माझ्या काकाची पोरगी. म्हणजे पाह्य. काटोलले, संत्र्याच्या घरात, मी चुकून ज्याले पाहायला गेली, तोही तिचा. यमुताईनं मधातच विचारलं, "गिरिधर, पुस्तक राहू दे. पोरगी कशी वाटली?"

अन् तो मले वरून खालपर्यंत पाहून, एकदम सभ्यपणानं, म्हणे, "पोरगी चांगली आहे मावशी. पण भलती घाईची आहे." मंग माझ्याकडे वळून, "तुम्ही मॅडमच्या बहीण आहे न? मॅडमचं लग्न झालं का?"

मी एक पेढा उचलला अन् खाल्ला. आमचाच होता.

आता करते काय? पुस्तक पाहिजे तं भैरवीले फोन लावणं आलं. लावला. स्पीकरवर टाकून सगळं सांगतलं. मले वाटलं ती चिडन, नाही तं म्हणन मीच येते घ्यायला, म्हणजे मले भांडता तरी आलं असतं. ती काय म्हणते? "मुग्धा, तू शोधलंस? मला वाटलंच होतं, शोधणार तर तूच. मी प्रकाशकांना सांगते, पहिल्या पानावर हिचंच नाव हवं." इतकं गोड बोलते वं ती, कोणाले जळताही येत नाही मोकळेपणानं. मंग म्हणे, "गिरिधरदादा, देऊन टाका तिला, तिचं घर म्हणजे माझंच घर."

'दादा' म्हटल्याबरोबर गिरिधरचा चेहरा असा झाला, जसा मी भैरवीचा होईन म्हणून वाट पाहून राहिली होती. त्याच्यासाठी मले दोन मिनिटं वाईट वाटलं. आम्ही दोघं एकाच बसचे प्रवासी, असं वाटलं. त्यानं खुर्चीवरून उठून, बसून, पुन्हा उठून पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं. वरून म्हणे, "एक सांगतो. शेवटचं पान उघडू नका. मी लहानपणी एकदाच वाचलं. मंग टाचणी मारून बंद करून टाकलं."

मी बसमध्ये बसल्या बसल्या टाचणी काढली.

ऐक शेवट. 'आणि मग बाईने त्यांना रागावले. खुडबुड्यांना आपली चूक कळली. ते रोज लवकर उठू लागले, दात घासू लागले व मोठ्यांचे ऐकू लागले. तात्पर्य: खोड्या करू नयेत.' चित्रही आहे. सगळे खुडबुडे रांगेत उभे. फेटे नाही. तेल लावून भांग पाडलेला.

मी कळमेश्वर जाईपर्यंत बाहेरच पाहून राहिली. शोभाताईले वाटलं नकारानं दुखलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यांना कसं सांगू की मले सायीच्या मिशा आठवून राहिल्या होत्या. पातेल्याच्या काठावर रांगेत बसलेले. चहा पिऊन राहिलेले. ज्या पुस्तकासाठी मी जगभर भांडली, त्यातलं मले आवडायचं ते त्याच्यात नव्हतंच. ते तिचं होतं.

आता पाह्य, हे पुस्तक माझ्यासमोर आहे. त्या शेवटच्या पानाचा दोरा सैल झाला आहे, जरासं ओढलं की हातात येते. पान ठेवून देल्लं, तं पुस्तक पूर्ण, पहिल्या पानावर माझं नाव, अन् साऱ्या महाराष्ट्राच्या पोट्ट्यायले माझ्या नावानं हा भांग पाडलेला शेवट. ते मलेच शिव्या देईन. अन् पान काढून घेतलं, तं पुस्तक अपुरं, माझं नाव गेलं, प्रकाशक भैरवीले म्हणन, मॅडम, शेवट तुम्हीच लिहा. अन् ती लिहिन. सायीच्या मिशांचा. अन् तो चांगला होईन, मले माहीत आहे न, माझ्या नाकातून पन्हं आलं होतं. म्हणजे कशीही वळली तरी जिंकते तीच.

काल घरी आली तेव्हापासून तिचा फोन येऊन राहिला. तिले एकच विचारायचं असन. खुडबुडे दुधातून बाहेर कसे निघाले? तिलेही आजपर्यंत माहीत नाही न. मी उचललाच नाही.

हे पाह्य, पुन्हा तिचाच. वाजून राहिला. आता तो समोसा ठेव अन् खरं खरं सांग वं करिष्मा, माझ्या जागी तू असती, हे पान असं बोटात धरून, तं तू काय केलं असतं?